मंडईत इब्सेन करायचा असेल तर

पोळा जवळ आला की झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातल्या, गावागावात एकच विषय, यंदा मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेला, नाटक कोणतं, कंपनीचं आणायचं का गावच्याच पोट्ट्यांनी बसवायचं. हे लिहितोय ते गावच्या मंडळांसाठी, म्हणजे ज्यांच्याकडे वडसाची धंदेवाईक नाटक कंपनी बोलवायला पैसा नाही पण हौस जबरदस्त आहे आणि दरवर्षी तेच दारूडा नवरा, छळणारी सासू, शेवटी पोलीस येऊन व्हिलनला नेतात हे करून ज्यांना कंटाळा आलाय. माझं म्हणणं सरळ आहे, एकदा हेन्रिक इब्सेन करा. नॉर्वेचा कवी आणि नाटककार, १८२८ चा जन्म, १९०६ ला गेला. आणि त्याचं 'अॅन एनिमी ऑफ द पीपल' करा जे १८८२ मध्ये आलं. पाण्याचं नाटक आहे, भावाभावाचं आहे आणि चौथ्या अंकात भर सभेत अख्खं गाव एका माणसावर उलटतं. आपल्या मंडपात हे जेवढं लागेल तेवढं शहरातल्या एसी हॉलमध्ये लागणार नाही असं मला मनापासून वाटते.

आधी गोष्ट. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं एक छोटं शहर, तिथे औषधी पाण्याच्या आंघोळीची मोठी सोय केलेली, बाहेरून लोक बरे व्हायला येतात आणि गावात पैसा खेळतो. डॉ. स्टॉकमन तिथला मेडिकल ऑफिसर. आलेल्या लोकांना टायफॉइड, पोटाचे आजार व्हायला लागले म्हणून तो गुपचूप पाण्याचे नमुने विद्यापीठात पाठवतो आणि रिपोर्ट येतो की पाणी सडकं आहे, वरच्या अंगाला चामडं कमावणारे कारखाने आहेत त्यांची घाण पाइपात येते. त्याला वाटते आता गाव आपला सत्कार करेल. पण त्याचा मोठा भाऊच नगराध्यक्ष, तो म्हणतो पाइप बदलायला लाखो क्रोनर लागतील आणि दोन वर्षं धंदा बंद, गप बस. पेपरवाले आधी डॉक्टरच्या बाजूनं असतात पण खर्च लोकांच्या खिशातून जाणार हे कळलं की पलटी मारतात. मग सभा, सभेत ठराव की हा माणूस जनतेचा शत्रू, मग घरावर दगड, याची नोकरी जाते, मुलगी शिक्षिका असते तिची जाते, घरमालक घर खाली करायला सांगतो. वरून बायकोला वाढवणारा मानलेला बाप, ज्याचा कारखाना सगळ्यात घाण, तो बायकोपोरांना मिळणार असलेल्या पैशातून त्याच संस्थेचे शेअर स्वस्तात उचलून आणतो आणि म्हणतो आता ठरव, रिपोर्ट खरा म्हणशील तर तुझेच लेकरं भिकेला लागतील. डॉक्टर तरी नाही म्हणतो. गाव सोडून जायचं ठरलेलं असते तेही रद्द करतो आणि तिथंच राहतो.

काही जण म्हणतील इब्सेन म्हणजे 'डॉल्स हाउस', नोरा, दार आपटून जाणारी बाई. ते १८७९ चं नाटक जगात गाजलं हे खरंच आहे आणि थोर आहेच. पण ते बंद खोलीचं नाटक आहे, नोराच्या तोंडावरचा एक एक बदल दिसला पाहिजे, दीड-दोन हजार माणूस तट्ट्यावर बसलाय आणि मागच्याला स्टेज नखाएवढं दिसते तिथे ते पोचत नाही. 'घोस्ट्स' मध्ये बापाचा गुप्तरोग पोराच्या अंगात उतरतो, ताकदीचं आहे पण तेही दिवाणखान्याचंच. 'पीअर गिंट' मध्ये डोंगर, वाळवंट, जहाज बुडणं, सगळं आहे, गावच्या मंडळानं त्या भानगडीत पडू नये. 'एनिमी' मध्ये मात्र गर्दी हेच एक पात्र आहे आणि गर्दी आपल्याकडे फुकटात आहे.

तालीम सुरू करायच्या आधी एक संध्याकाळ फक्त इब्सेनच्या आयुष्यावर घालवा, सगळ्या कलाकारांना बसवून सांगा. हे टाळू नका, कारण हे नाटक त्यानं कुठून आणलं हे कळलं की पोट्ट्यांच्या बोलण्यात फरक पडतो. तो शीएन नावाच्या बंदराच्या गावात जन्मला, बाप व्यापारी, मोठं घर, येणंजाणं. ज्या घरात जन्मला त्या घराचं नाव स्टॉकमन्सगॉर्डन, म्हणजे डॉक्टरचं आडनाव त्यानं स्वतःच्या जन्मघरावरून उचललं. पोरगा सात-आठ वर्षांचा असताना बापाचा धंदा बसला, घरदार गेलं, गावाबाहेरच्या शेतातल्या घरात राहायला जावं लागलं. काल जे जेवायला येत होते ते आज ओळख देत नाहीत हे त्यानं त्या वयात पाहिलं. कर्जात बुडालेल्या कास्तकाराच्या घराकडे गाव कसं पाहते हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, म्हणून म्हणतो की हा माणूस आपल्याला परका नाही.

पंधरा वर्षांचा असताना त्याला ग्रिमस्टाडला औषधाच्या दुकानात कामाला ठेवलं. तिथं दिवसा पुड्या बांधायच्या आणि रात्री कविता. पहिलं नाटक १८५० ला टोपणनावानं छापलं. नंतर बर्गेनच्या थिएटरात सहा वर्षं, मग राजधानीच्या थिएटरात, आणि तिथे स्टेजचं जे पडेल ते काम. म्हणून त्याच्या नाटकात दिवा कुठे, दार कोणत्या बाजूला, कोण कुठून येतो हे सगळं लिहिलेलं असते, ते नीट वाचा, अर्धं दिग्दर्शन त्यानंच करून ठेवलंय. १८६२ मध्ये ते राजधानीचं थिएटर बुडालं, कर्ज झालं, आणि १८६४ ला तो इटलीला निघून गेला तो जवळपास २७ वर्षं इटली आणि जर्मनीतच राहिला. त्या वाईट दिवसात त्याच्यासाठी पैसे जमवणाऱ्यांमध्ये ब्यर्नस्टर्न ब्यर्नसन होता, तोही कवी, तोही नाटककार, नॉर्वेचं राष्ट्रगीत त्याचंच, १९०३ चं नोबेल त्याला. पुढे इब्सेनचा मुलगा आणि ब्यर्नसनची मुलगी यांचं लग्न झालं, म्हणजे दोघं व्याही. मराठी माणसानं हे नाव लक्षात ठेवायला पाहिजे कारण १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेनं जे 'आंधळ्यांची शाळा' केलं आणि मराठी रंगभूमीला वेगळं वळण लागलं ते याच ब्यर्नसनच्या नाटकावरून होतं. तेव्हा कोणी म्हटलं की काहून बाबा नॉर्वे आणून राहिला, तर सांगा की मराठीत नॉर्वे नव्वद वर्षांपूर्वीच आलाय, आपल्याकडे उशिरा पोचून राहिला एवढंच.

आणि 'एनिमी' कशातून आलं तेही सांगा. १८८१ च्या शेवटी 'घोस्ट्स' छापलं, केवढा गहजब झाला, दुकानदारांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले, थिएटरवाले हात लावेनात, पहिला प्रयोग शेवटी अमेरिकेत शिकागोला झाला. शिव्या देणाऱ्यांमध्ये जुने विचारवाले होते तसे स्वतःला सुधारक म्हणवणारेही होते, आणि त्याला जास्त लागलं ते या दुसऱ्यांचं. पुढच्याच वर्षी हे नाटक तयार. डॉक्टरचा राग हा लेखकाचा स्वतःचा राग आहे. पण, आणि हे महत्त्वाचं, डॉक्टर म्हणजे इब्सेन नाही. त्यानं प्रकाशकाला कळवलं होतं की याला कॉमेडी म्हणू की गंभीर नाटक म्हणू हे माझंच ठरत नाही. डॉक्टर भोळा आहे, बडबड्या आहे, खाण्यापिण्याचा शौकीन आहे, सत्काराचे स्वप्न पाहतो. त्याला पहिल्या प्रवेशापासून हुतात्मा केलं की नाटक गेलंच समजा.

आता रूपांतर. मूळ नाटकाचे हक्क कधीच संपले, फर्कुहारसन शार्पचं जुनं इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, गावातल्या इंग्रजीच्या सरांना किंवा कॉलेजच्या पोरीला धरा आणि अंक वाचून अर्थ समजून घ्या. ओळीला ओळ लावत बसू नका. सत्यजित राय यांचा १९८९ चा 'गणशत्रु' याच नाटकावर आहे, जमलं तर पाहा, त्यात त्यांनी पाणी देवळाच्या तीर्थाचं केलंय. चांगलंच आहे, पण आपण ते उचलू नये असं माझं मत आहे. तीर्थ आलं की भांडण श्रद्धेचं होते आणि इब्सेनचं भांडण पैशाचं आहे, ज्यात प्रत्येक घराचा थोडा थोडा वाटा आहे. आणि खाऱ्या पाण्याचा किंवा फ्लोराइडचाही विषय घेऊ नका. अकोला-बुलढाण्याकडचे लोक म्हणतील आमच्या खारपाणपट्ट्याचं करा, दुःख खरंच मोठं आहे, पण ते क्षार जमिनीतून येतात, तिथे लपवणारा कोण दाखवणार. या नाटकाला गुन्हा पाहिजे आणि त्या गुन्ह्यातून गावाचं पोट भरत असलं पाहिजे.

मी सुचवतो ते असं. गावात जुना मालगुजारी तलाव, त्याच्या काठाला सोसायटीनं वॉटरपार्क काढला, रविवारी नागपूरच्या गाड्या येतात, पार्किंग, भजे, मक्याचे कणीस, दोन-चार घरांनी खोल्या भाड्यानं द्यायला काढल्या, कर्ज सगळ्यांच्या डोक्यावर. तलावात वरून नाला येतो आणि नाल्यावर उसन्या, म्हणजे उकड्या, धानाची राइस मिल, धान भिजवलेलं-उकडलेलं सडकं पाणी सरळ नाल्यात. मिल डॉक्टरच्या सासऱ्याची. डॉक्टर पीएचसीचा, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राचा. पंपाची मोटर नाल्याच्या तोंडापासून दूर बसवा असं त्यानं पहिल्यांदाच सांगितलं होतं, पाइप वाचवायसाठी सरपंचानं ऐकलं नाही. (मूळ नाटकातही पाइप डॉक्टरचं न ऐकता चुकीच्या जागी टाकलेले आहेत, हा धागा सोडू नका, भावाभावाच्या भांडणाचं मूळ तिथं आहे.) पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या लॅबला जातो, आणि रिपोर्ट आला की ग्रामपंचायतीला लाल कार्ड, म्हणजे पाणी धोक्याचं असल्याचा सरकारी शिक्का, मिळायची भीती, हे कार्ड आपल्या प्रेक्षकांना बरोबर माहीत आहे, सरपंचाच्या हातात लाल कार्ड दिसलं की समजावून सांगायचं काम नाही.

बाकी पात्रं आपोआप बसतात. पेपरचा संपादक म्हणजे यूट्यूब चॅनलवाला पोरगा. छापखानेवाला अॅस्लाक्सन, जो घरमालकांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे आणि प्रत्येक वाक्यात संयम संयम करतो, तो आपला फ्लेक्सवाला, व्यापारी संघाचा अध्यक्ष. त्याला एक पालुपद द्या, "सबुरीनं घ्या भाऊ", तिसऱ्या वेळेपासून पब्लिकच ते म्हणायला लागते. जहाजाचा कप्तान हॉर्स्टर, जो सभेला जागा देतो आणि त्यापायी नोकरी घालवून बसतो, त्याला ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर करा, समाजमंदिर कोणी देत नाही म्हणून सभा त्याच्या आवारात. मुलगी शाळेत मास्तरीण आहे तशीच ठेवा. बायांच्या भूमिका दोनच आहेत त्यामुळे बाहेरून स्त्री कलाकार आणल्या तरी खर्च झेपतो. फक्त बायकोला रडकी करू नका. सुरवातीला ती लेकरांच्या पोटासाठी नवऱ्याला अडवते पण तिसऱ्या अंकाच्या शेवटी सगळे उलटले की तीच त्याच्या बाजूनं ताठ उभी राहते, तिथे टाळी येते म्हणजे येतेच.

भाषा आपली. इब्सेननं तरुणपणी भरपूर पद्य लिहिलं, 'पीअर गिंट' अख्खं पद्यात आहे, पण पुढे त्यानं पद्य सोडलं आणि एका नटीला पत्रात कळवलं की पद्यानं नटांच्या कलेचं नुकसान केलंय, साधं खरं बोलणं लिहिणं जास्त अवघड आहे. तेव्हा शुद्ध पुस्तकी मराठीत डॉक्टरला भाषण द्यायला लावू नका. असं लिहा:

सरपंच: तू डॉक्टर आहेस, इंजिनियर नाही. मोटर कुठं बसवाची ते तुले कोण विचारलं?
डॉक्टर: दादा, मी तवाच सांगलो होतो, नाल्याच्या तोंडाशी नोको बसवू.
सरपंच: सांगलास ना? मंग झालं तुहं काम. आता गावाले काहून सांगत फिरतेस? लोकायनं कर्ज काढले, दुकानं टाकले. त्यायचे हप्ते तू भरशीन का?

बघा, सरपंचाचा मुद्दा खोटा नाही. हे ज्या नटाला कळलं त्यालाच सरपंच द्या. तो ओरडायला लागला, मिशीला पीळ द्यायला लागला की थांबवा. त्यानं गावासाठी खरंच खस्ता खाल्ल्यात, धाकट्याला नोकरी त्यानंच लावून दिली, त्याला खरंच वाटते की हा शिकलेला भाऊ गाव बुडवून राहिला. आणि त्याच्या गळ्यातला दुपट्टा सांभाळून ठेवा, तिसऱ्या अंकात कामाला येतो. मूळ नाटकात नगराध्यक्ष पेपरच्या ऑफिसात लपतो तेव्हा त्याची मानाची टोपी आणि काठी बाहेर राहते आणि डॉक्टर ती घालून खोलीभर मिरवतो. आपल्याकडे डॉक्टरनं सरपंचाचा दुपट्टा गळ्यात टाकून त्याची चाल चालून दाखवायची. हा एक मिनिट भरपूर हसवून घ्या, कारण लगेच पुढं सगळं फिरते.

चौथा अंक म्हणजे जीव आहे, अर्धी तालीम त्यालाच द्या. गर्दी स्टेजवर कोंबू नका, दहा-बारा जणं प्रेक्षकातच बसवा, वेगवेगळ्या कोपऱ्यात, रोजच्या कपड्यात, आणि त्यांना तालमीपासूनच लांबून बोलायची सवय लावा कारण त्यांच्याकडे माइक नाही. सभेचा क्रम मोडू नका, तो फार हुशारीनं लिहिलेला आहे. आधी अध्यक्ष निवडा म्हणतात, अध्यक्ष होतो फ्लेक्सवाला, मग ठराव येतो की डॉक्टरला रिपोर्ट वाचू द्यायचा नाही, सगळं नियमात. म्हणजे त्याचं तोंड कोणी हातानं दाबत नाही, ठरावानं दाबते. आपल्याकडे ग्रामसभा पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटते. शेवटी मतदान, मूळ नाटकात निळ्या आणि पांढऱ्या चिठ्ठ्या आहेत, आपण हात वर करवायचे. खरे प्रेक्षक पण हात वर करतील, कोणी डॉक्टरच्या बाजूनं ओरडेल, ओरडू द्या. अध्यक्षानं मोजायचं नाटक करायचं आणि लिहिलेलाच निकाल द्यायचा, एक दारू प्यायलेला सोडून सगळे विरोधात. त्यावर जी आरडाओरड होईल ती तुम्ही कितीही पैसे देऊन आणू शकत नाही.

याच अंकात एक जागा आहे जिथे मी तुम्हाला हात जोडून सांगतो की कापा. रिपोर्ट वाचू देत नाहीत म्हणून डॉक्टर भडकतो आणि बहुमतावरच घसरतो, बहुमत नेहमी चूक असते म्हणतो, एखादं सत्य सतरा-अठरा, फार तर वीस वर्षं जगते मग सडते म्हणतो. इथपर्यंत ठेवा, हे झणझणीत आहे आणि लोकांना चिडवलंच पाहिजे. पण त्याच्या पुढे तो उच्च जातीचे कुत्रे आणि गल्लीतले कुत्रे असा दाखला देतो. तो स्वतः पुढे सांगतो की हे जन्माचं नाही, माझा सख्खा भाऊच वागण्यानं हलका आहे, पण ज्या मंडपात बौद्धवाड्यातले आणि पाटलाच्या वाड्यातले लोक शेजारी बसलेत तिथे 'जात' आणि 'कुत्रा' हे दोन शब्द एका वाक्यात गेले की पुढचं स्पष्टीकरण कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. ते पान काढा. डॉक्टरचा अहंकार दाखवायला बाकीचं भाषण पुरेसं आहे.

गाणी पाहिजेतच, गाण्याशिवाय झाडीपट्टीचा प्रेक्षक नाटक मानत नाही आणि त्यात चूक काहीच नाही. पण डॉक्टरला नाचवू नका. त्यापेक्षा इब्सेनची कविताच गा. 'तेरये वीगेन' नावाची त्याची लांब कथा-कविता आहे, १८६२ ला छापून आली. १८०९ साल, इंग्रजांनी समुद्र अडवलेला, नॉर्वेत उपासमार, तेरये नावाचा खलाशी बायको आणि लहान मुलीसाठी होडी वल्हवत डेन्मार्कला जातो, तीन पिंपं सातू घेऊन येताना घराजवळ पकडला जातो, सातू समुद्रात, तो तुरुंगात. १८१४ ला सुटून येतो तेव्हा दोघी मेलेल्या. खूप वर्षांनी वादळात एक इंग्रज जहाज वाचवायला जातो तर तोच कप्तान, सोबत त्याची बायको आणि लहान पोर. सूड घ्यायची वेळ येते आणि तो पोराकडे पाहून सोडून देतो. ही गोष्ट खडी गंमतच्या, म्हणजे आपल्याकडच्या तमाशाच्या, शाहिराला द्या, सातूच्या जागी धान करा, नाटकाआधी ऑर्गन-ढोलकीवर पाऊण तास सहज रंगते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मध्ये एखादं गाणं वॉटरपार्कच्या जाहिरातीचं चालेल. तिसरा संपला की मात्र थेट चौथा, मध्ये डान्स नाही, कोणी कितीही मागितला तरी नाही. पाच अंक नीट कापले तर अडीच-तीन तासात होते, रात्र काढायची असेल तर आधी दंडार, म्हणजे आपलं नाचगाण्याचं लोकनाट्य, लावा, नाटक ताणू नका.

पाचव्या अंकाला फुटलेल्या काचा आणि दगड. काचेचा आवाज रेकॉर्डवरचा नको, पत्र्याच्या डब्यात फुटक्या बाटल्यांचे तुकडे भरून माइकजवळ उलटायचे. दगड खरेच वापरा, नाल्यातले, थर्माकोलचे तख्तावर पडले की फसवणूक लगेच कळते. डॉक्टर ते वेचून टेबलावर रचतो आणि पाहतो की अख्ख्या ढिगात धड मोठे दगड दोनच आहेत, बाकी बारीक गिट्टी. लोकांना मारायचं होतं पण हिंमत तेवढीच होती. हे वाक्य नटानं हसत म्हणावं, रागानं नाही. शेवटी तो बायकोपोरांना जवळ बोलावून हळूच सांगतो की मला शोध लागलाय, सगळ्यात बलवान माणूस तो जो एकटा उभा राहतो. तेव्हा तो एकटा नसतो, बायको आहे, मुलगी आहे, दोन पोरं आहेत, बायको हसून मान हलवते, म्हणून त्याला स्पॉटलाइट टाकून एकटा काढू नका, पाचही जण उजेडात पाहिजेत.

तालमीचं वेळापत्रक धानावर ठरते. रोवणा आटोपला की वाचन, पोळ्यापासून पहिले तीन अंक, दसऱ्याच्या आत चौथा पक्का, कारण हलका धान कापणीला आला की संध्याकाळी सहाच्या आधी कोणी सापडत नाही. स्क्रिप्ट मात्र पोळ्यालाच टाइप करून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, पाठवा, प्रमाणपत्राशिवाय प्रयोग करता येत नाही आणि ऐन दिवाळीत धावपळ नको. लाउडस्पीकरसाठी पोलीस स्टेशनला अर्ज, जागेसाठी ग्रामपंचायतीचं पत्र. सरपंचाला आधीच घरी जाऊन पूर्ण गोष्ट सांगा, लपवून काही ठेवू नका, आणि शक्य असेल तर चौथ्या अंकाच्या एका तालमीला बोलवा. आणि गावात खरोखर कोणाची राइस मिल नाल्यावर असेल तर तिच्या जागी दुसरा कारखाना घाला, पेपर मिल, साखर कारखाना, काहीही, पण हे स्क्रिप्ट मंडळाकडे जायच्या आधीच बदला कारण नंतर बदललं तर परत पाठवावं लागते.